हातचा एक

जूनमधली थंडी ह्युऑन नदीवरून थेट शेडमध्ये शिरते,
दार लावलं तरी.
डेनम ट्रस्कॉट आधी शेगडी पेटवतो, मग दिवा,
करवत सगळ्यात शेवटी.
तोवर मी खोक्यातले तुकडे निवडते:
ब्लॅकवुड, मर्टल, कुणाच्या तरी नावेतून उरलेला ह्युऑन पाइन.
एकही काटकोनात नाही,
सगळे शनिवारी रात्री पबमधून परतल्यासारखे
आपापल्या अंगाला कललेले.

पेनासाठी हवा पाऊण इंचाचा चौरस, लांबी पाच इंच.
एवढंच.
आणि एवढ्याशालाच मी पहिल्या दिवशी
चिमटीत धरून पात्याकडे नेलं होतं.
तो ओरडला नाही.
भिंतीवरचा खटका खाली केला
आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत
माझ्याकडे बघत राहिला.

ओंडक्याला माणूस भितो, म्हणाला, म्हणून वाचतो.
बोटभर लाकडापाशीच
आपण हात दाखवून अवलक्षण करतो.

लहान असेल त्याला आधी मोठं कर.
हे त्याचं मी वहीत लिहिलेलं पहिलं वाक्य.
म्हणजे असं, की काचेवर पॉलिशपेपर चिकटवून
तुकड्याची एक बाजू घासून सपाट करायची,
मग दुहेरी चिकटपट्टीनं तो हातभर फळीवर बसवायचा,
धाकटं पोर थोरल्याच्या पाठुंगळी बसतं तसा.
आता पात्यासमोरून जाते ती फळी.
एक बाजू खरी झाली
की दुसरी तिच्या भरवशावर,
तिसरी दुसरीच्या.
पुढं लांबी कापायला स्लेज.
स्लेजवर दोन लाल रेघा, पात्यापासून वीतभर दूर,
व्हेरिनाच्या नेलपॉलिशच्या.
व्हेरिना जाऊन सहा वर्षं झाली. बाटली अजून वाळलेली नाही.
रेघेच्या आत चाप जातो, हात नाही.

आणि काम संपलं की बोटं मोजायची, मोठ्यानं.
मी दहा म्हणते.
तो नऊ म्हणतो, आणि शेगडी विझवतो.

विचारलं एकदा.
गुरुवार होता, म्हणाला, चहा गार होत होता.
चाळीस वर्षं गिरणीत झाडं कापली
आणि शेवटी बिस्किटाएवढा तुकडा.
मग तंबाखूच्या जुन्या डब्यातून
त्यानं तोच तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.
पिवळा, अजून गोडसर वासाचा,
वलयं इतकी दाट, की मोजली तर
माझ्या वयाच्या पुढं जातील.
कडेला एक खाच.
कर चौकोनी, म्हणाला,
आणि कोंबड्यांना बघायला म्हणून बाहेर गेला.
कोंबड्यांना सकाळीच दाणे घातले होते.

मी घासला, चिकटवला, वळवला, पुन्हा चिकटवला.
तीन बाजू खऱ्या झाल्या.
चौथीवर ती खाच, केसाएवढी उरलेली.
मी थांबले. ती काढायचा हक्क
माझा आहे असं वाटेना.

तो आला. गुण्या लावून तुकडा दिव्यासमोर धरला.
खाचेतून उजेड गळत होता.
काढ, म्हणाला. पेन करायचंय,
थडग्यावरचा दगड नाही.

शेवटचा काप.
कातरण पात्याशेजारी पडलं, काडीएवढं,
आणि थरथरत दातांकडे सरकायला लागलं.
माझा हात निघाला होता.
खरंच निघाला होता, लाल रेघेपर्यंत.
तिथं तो थांबला, माझा मीच बघितला.
खटका दाबला.
पात्याची घरघर उतरत उतरत गेली,
एकेक दात दिसायला लागला,
मग सगळे दात स्थिर.
तेव्हा कुठं काडी उचलली.
डेनम लाकडाकडे बघतच नव्हता.

दहा, मी म्हणाले.
नऊ, तो म्हणाला,
आणि पोर बेरीज करताना पुटपुटतं तसं
माझ्या हाताकडे बघून,
हातचा एक.